मखमली झूल आणि वरणाची बादली

कॉम्प्युटरला झूल शिवायची कल्पना माझी होती. सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, ती फक्त शिवली. तेही मी मागं लागलो म्हणून.

मंठ्यात माझा फोटो स्टुडिओ. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोल्यांत संसार. रिळांचा जमाना सरत आला तसा मी जालन्याहून कॉम्प्युटर आणला. साधासुधा नाही! दुकानदार म्हणाला होता, "भाऊ, असलं दमदार मशीन अख्ख्या तालुक्यात न्हाई." येताना एसटीत खिडकीची जागा मी मशीनला दिली आणि स्वतः दांडीला लोंबकळत आलो.

आता, आमच्या घरात झाकल्याशिवाय वस्तूला मान नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीलासुद्धा टोपडं! मग तालुक्यातलं सगळ्यात दमदार मशीन उघडं कसं ठेवायचं? पडदा वेगळा; मशीनच्या डब्याला लाल मखमल, आत कापसाचा थर, कडेला सोनेरी झालर, अंगभर आरसे आणि चालू करायच्या बटणापुरतं एक काज. पोळ्याच्या बैलानं लाजून मान खाली घालावी अशी झूल झाली.

"काम चालू असताना तरी काढत जा की," सुनंदा म्हणाली.

"तुला कळत न्हाई. याच्या मागं पंखा आहे. पंखा हवा ओढतो, म्हंजे धूळ ओढतो. चालू असतानाच त् झाकायला पाह्यजे!"

(हे ज्ञान मी पुढं कित्येक गिऱ्हाइकांनाही फुकट वाटलं.)

त्याच सुमारास माझ्या सासऱ्यांनी कुंभार पिंपळगावात नवं घर बांधलं. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो. घराची हौस खरी सासूबाईंची. पण स्लॅब पडायच्या आधीच त्या गेल्या. वास्तुशांती जवळ आली तेव्हा आबांनी मला बोलावून घेतलं.

"जावई, समद्या घराचा एक मोठा फोटो भिंतीवर लावायचाय. त्यात ही पाह्यजे. माझ्या बाजूला."

सासूबाईंचा फोटो मात्र एकुलता एक होता. कुणाच्या तरी लग्नातला. पंगत बसलेली, त्या वाढतायत आणि हातात वरणाची ही भली मोठी बादली.

"बादली काढून टाकू," मी म्हणालो. शेजारी माझा साडू बसला होता. त्यानं वास्तुशांतीला टोले देणारं घड्याळ आणायचं ठरवलं होतं. त्याच्याकडं बघत मी पुढं म्हणालो, "आपल्या मशीनला काय अवघड आहे? चुटकीसरशी!"

आबांनी तो फोटो धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्या हातात दिला.

घरी येऊन मी फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं. बादलीच्या कडीवर माउस नेला, दाबला. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. मी चहा प्यालो. दाढी केली. एका गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो काढला, त्याच्या भावकीचं भांडण मुळापासून ऐकलं. येऊन बघतो तर कडी अर्धीच गेलेली आणि सासूबाईंचा अंगठा पूर्ण!

जुन्या जालन्यातून इरफानभाईंना बोलावलं. कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत त्यांचा शब्द शेवटचा, असं त्यांचंच म्हणणं होतं. ते दारात दिसताच सुनंदा लगबगीनं पुढं आली, झूल गोळा केली आणि पोटाशी धरून आत पळाली. (मखमलीला डाग पडू नये म्हणून, असं मी समजलो.) इरफानभाईंनी माउसला नुसतं बोट लावलं आणि सॉफ्टवेअर वाऱ्यासारखं धावायला लागलं!

"शेठ, मशीन तो एकदम बराबर है. घोडा है घोडा!"

ते बसस्टँडवर पोचले नसतील तोच सुनंदानं झूल परत चढवली आणि थोड्याच वेळात घोड्याचं गाढव झालं.

दुसऱ्यांदा बोलावलं. पुन्हा तसंच! इरफानभाई समोर बसले की मशीन पळतं, उठून गेले की मान टाकतं. मी तर्क लढवला: मशीन या माणसाला भितं! तिसऱ्यांदा त्यांना जेवायलाच बोलावलं आणि जेवण झाल्यावर म्हणालो, "इरफानभाई, चार दिवस इथंच राहून जा. काही करू नका. नुसतं मशीनकडं रागानं बघत बसा."

"शेठ, मैं दुकान चलाता हूं, तुमचं लेकरू संभाळायला आल्तो का?" असं म्हणून ते जे गेले ते परत आले नाहीत.

पण ते जायच्या आधी मी त्यांचा एक फोटो काढून ठेवला होता. (फोटोग्राफर शेवटी!) तो मोठा करून फ्रेममध्ये घातला आणि मशीनसमोर उभा केला.

सुनंदा दारातून बघत होती. "अहो, जित्या माणसाचा फोटो असा मांडला. हार घालू का?"

मशीन त्या फोटोलाही बधलं नाही. मग लिंबू-मिरची बांधली. तीही झुलीच्या आरशांमध्ये खुलून दिसायला लागली, एवढाच काय तो फरक.

असं करता करता वास्तुशांती दोन दिवसांवर आली आणि आबा स्वतः मंठ्यात हजर झाले. दुपारच्या गाडीनं फोटो जालन्याच्या लॅबला पोचवायचा होता.

"झाला का फोटो?"

"होऊन राह्यला आबा, होऊन राह्यला. तुम्ही आधी जेवून घ्या," मी म्हणालो. पडद्यावर वाळूचं घड्याळ होतं. त्यामागं, मी आधीच काढलेल्या घरच्यांच्या फोटोत, आबांच्या एका बाजूला साडू उभा होता आणि दुसऱ्या बाजूला सासूबाईंची जागा रिकामी.

सुनंदानं ताट वाढलं. आबांनी दह्यात बोट घातलं आणि थबकले. "सुनंदे, एवढ्या थंडीत दही असं घट्ट? आमच्याकडं त् चुलीजवळ ठेवलं तरी लागायला दोन दिवस जातात."

"कॉम्प्युटरवर लावते, आबा."

"काय?" मी ओरडलो.

सुनंदानं शांतपणे झूल उचलली. खाली, तालुक्यातल्या सगळ्यात दमदार मशीनच्या डोक्यावर, ताट झाकलेलं दह्याचं पातेलं होतं!

"झुलीखाली उबारा लई छान असतोय," ती म्हणाली. "इरफानभाई आले का मी पातेलं झुलीत गुंडाळून आत नेत व्हते. पाव्हण्यापुढं बरं दिसत न्हाई."

मी मशीनला हात लावला आणि 'आई गं' म्हणत मागं घेतला. जीव घुसमटून ते बिचारं सरपटत होतं, आणि मी त्याला इरफानभाईंचा फोटो दाखवत होतो! झूल फेकली, पातेलं उतरवलं, टेबलफॅन लावला. थोड्या वेळानं माउस दाबला आणि मूळ फोटोतल्या सासूबाई पडद्यावर सरकन आल्या. आबांच्या शेजारी, अंगठ्यासकट, बादलीसकट.

"थांबा आबा, आता बादली काढतो. चुटकीसरशी!"

"राहू द्या." आबा ताटावरून उठून आले होते. उष्टा हात तसाच. "मोकळ्या हातानं उभी राह्यलेली तुम्ही तिला कधी पाह्यली का? बादली न्हाई त् ती थांबायची न्हाई तिथं."

सुनंदानं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, आता मशीनबद्दल बोलायला हरकत नाही.

"पाह्यली ना आबा मशीनची ताकद?"

आबांनी मशीनकडं पाहिलं. बाजूला काढलेल्या पातेल्याकडं पाहिलं. जमिनीवर पडलेल्या झुलीकडं, लिंबू-मिरचीकडं आणि फ्रेममधून रागानं बघणाऱ्या इरफानभाईंकडंही पाहिलं.

"ताकद हाये," ते म्हणाले. "पण जावई, दहीच लावायचं व्हतं त् आमच्या घरी चूल व्हती की."