उजेडात सुटलेला हायड्रोजन

दीड महिना झाला. दुपारी सावेडीतल्या घरी जेवत होतो, तेव्हा कोल्हारहून नसीमच्या थोरल्या भावाचा फोन आला. "सर, नसीम गेली. कावीळ अंगावर काढली तिनं, आमाला सांगितलंच न्हाई..." जेमतेम चाळिशीची होती.

नसीम माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. रोज एसटीने नगरला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यायची. सेंद्रिय रेणूंमधून हायड्रोजन काढायचा तर एरवी धातूचा उत्प्रेरक घालून मिश्रण खूप तापवावं लागतं. तिला ते न तापवता, निळ्या दिव्याच्या उजेडात करायचं होतं. कोबाल्टचा उत्प्रेरक तिने स्वतः बनवला. दीड वर्ष काहीच घडलं नाही. मग एका सकाळी ती केबिनच्या दारात येऊन म्हणाली, "सर, जरा येता का? बुडबुडे येतायत."

खरंच येत होते... बारीक, एकामागून एक. वायू तपासला, हायड्रोजनच निघाला. मी म्हणालो, "दिव्याच्या उष्णतेनं होत असेल." तिने पंखा लावून फ्लास्क गार ठेवला, तरी बुडबुडे आले. दुसरा फ्लास्क अंधारात कोमट ठेवला, त्यात काही झालं नाही. एवढं पुरेसं होतं. पण आपल्या जिल्ह्याच्या गावातून असला दावा करायचा आणि तो खोटा ठरला तर, ही भीती माझी होती, तिची नव्हे. "अजून पाचसहा वेळा कर, मग निबंध छापायला पाठवू," मी म्हणालो. तिने वाद घातला नाही, करत राहिली. आठ महिन्यांनी परदेशातल्या संशोधकांच्या एका गटाचा निबंध छापून आला. तीच अभिक्रिया, जवळपास तोच उत्प्रेरक.

तो मीच तिला दाखवला. तिने उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला. "म्हणजे माझं बरोबर होतं, सर," एवढंच म्हणाली. तेव्हा "हो, चूक माझी झाली," असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चला, आता पुढचं बघू." पुढे तिला पदवी मिळाली, नोकरीही लागली. दर ईदला ती फोन करायची, आणि मी तब्येतीची चौकशी करून फोन ठेवायचो.

गेल्या आठवड्यात कोल्हारला जाऊन आलो. भावाने आतून तिची प्रयोगवही आणून दिली. "तुमीच ठेवा, सर. आमाला यातलं काय कळतंय..." घरी येऊन पानं चाळली. प्रत्येक प्रयोगाखाली मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे. बुडबुडे आले त्या सकाळच्या पानावर मात्र जागा रिकामी. तिने ती सही कधी मागितलीही नाही. काल वही पुढ्यात घेऊन सही केली. तारीख कालचीच घातली... मागची घालायचा मला हक्क नव्हता.