चिंगीची लिफ्ट

९ एप्रिल, सकाळी सव्वासात. हजर : अध्यक्ष, खजिनदार, सचिव म्हणजे मी, नऊ सभासद आणि लिफ्टचं दार अडवून स्टुलावर बसलेले काका. त्यांच्या पायाशी त्यांची चिंगी, लॅब्रेडॉर, वय तेरा, मुक्काम चौथा मजला.

आदल्या दिवशी मीच लिफ्टमध्ये पाटी लावली होती : ‘कुत्र्यांना मनाई. जिना आहे.’ मजकूर अध्यक्षांचा, अक्षर माझं.

काकांना तुम्हीही कोथरूडच्या गल्ल्यांतून पाहिलं असेल. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीतली सगळी कुत्री तेच फिरवायचे. निघण्याआधी वाकून रस्त्यावर पालथा हात टेकवायचे आणि सात आकडे मोजायचे. हात भाजला तर फेरी रद्द. मालकाने कुरकुर केली की म्हणायचे, "अहो, आपण अनवाणी या. मग निघू."

तरण्या कुत्र्यांना ते उजाडताच टेकडीवर तासभर पळवायचे. चिंगीला मात्र दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, सावलीतून. जिन्यावर तिचे मागचे पाय घसरायला लागले होते. "पण घरात बसवली तर बसूनच राहील ती," काका म्हणायचे. "खाली न्यायलाच हवी."

उलट अध्यक्षांचा ब्रूनो पाच महिन्यांचा. दम वाढावा म्हणून अध्यक्ष चेंडू टाकून त्याला चार मजले वर-खाली पळवत.

"उठा हो, माणसं खोळंबलीत," अध्यक्ष त्या सकाळी म्हणाले.

"जिना आहे की."

"माझे गुडघे दुखतात."

"हिचेही दुखतात. फक्त हिला अर्ज करता येत नाही. आणि तुमच्या ब्रूनोची हाडं अजून कोवळी आहेत. त्याला जिन्यावरून पळवता, हिला जिना चढायला लावता. पाटी चुकीच्या जागी लावलीत साहेब, जिन्यावर हवी होती."

खजिनदार हसले आणि लगेच खोकले. काका पावणेदहापर्यंत हलले नाहीत. शेवटी मी चहा नेऊन दिला, तेव्हा कप घेत म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं."

मी पाटी तिथल्या तिथे काढली. ठरावबिराव काही झाला नाही. पुन्हा लावायची हिंमतही कोणाची झाली नाही. ब्रूनोचा चेंडू बागेतल्या गवतावर गेला.

दिवाळीनंतर काका गेले. चिंगी आता माझ्याकडे असते. तिच्या तीन फेऱ्या माझ्या वहीत आहेत, एकही चुकवलेली नाही. लिफ्टमधून ती ऐटीत बाहेर पडते आणि इमारतीच्या दारापाशी थांबते. तिथे चार पायऱ्या आहेत. काका तिला तेवढ्यापुरतं उचलून घ्यायचे. अठ्ठावीस किलो. मी स्वतःच्या कमरेला पट्टा बांधून तिला उचलते.

पायऱ्यांच्या बाजूला उतार करून द्या, असा अर्ज मी तीनदा दिलाय. अध्यक्ष म्हणतात, "बघू पुढच्या सभेत."

म्हणून आम्ही बरोबर आठला निघतो, त्यांच्या ऑफिसला जायच्या वेळेला. चिंगीला घेऊन मी एकेक पायरी सावकाश उतरते. पायऱ्या अरुंद, मागच्याला पुढे जाता येत नाही. मागे ते घड्याळ बघत उभे असतात.

उताराचं काम अजून बाकी आहे.