पुढून उंच, मागून बुटकी

जालना रोडला जुन्या गाड्या विकायचं एक आवार हाय, तिथं मी महिनाभर ट्रायलवर होतो. ट्रायल म्हंजे अशी, की कोपऱ्यात एक करड्या रंगाची लांबडी गाडी उभी होती. ती महिन्यात विकली तर मी कायम, नाय विकली तर बॅग उचलून वैजापूर. वैजापूरला मामाची कांद्याची आडत हाय. तिथं मी पोत्यांवर बसून कांदा निवडावा अशी आख्ख्या घरादाराची इच्छा होती, माझी सोडून.

मला घेतलं तेच नकलांमुळं. शाळेत असताना मी हेडमास्तरच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती आणि दोन वर्ग खरंच घरी गेले होते. हे शेठला सांगितलं तर शेठ म्हणले, "बस. अपने काम का है तू."

तर ती लांबडी. पुढून साधी कार, पण मागं बघावं तर संपतच नव्हती. वेगळी डिक्की नाय, छत सरळ पार मागच्या दारापर्यंत गेलेलं. स्टेशन वॅगन म्हणतात तिला. पण आपल्याकडची माणसं यायची, एक चक्कर मारायची आणि हळूच विचारायची, "शववाहिका हाय का?" एक जण तर चप्पल काढून पाया पडला आणि निघून गेला.

मग शेठनी डोकं चालवलं. चाकांच्या वर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या, छतावर दोन दांड्या बसवल्या आणि चारी स्प्रिंगांमधी रबराचे बफर घातले. गाडी चार बोटं वर उचलली गेली. काचेवर पांढऱ्या रंगानं लिहिलं, 'क्रॉसओव्हर'. म्हंजे बसायला कार, दिसायला जीप. शेठ म्हणले, आजकाल पब्लिकला हेच लागतं.

मी तर शेठच्याही पुढं. गिऱ्हाईक बघून गाडी बदलायचो. रिटायर साहेब आले की घसा खाकरून, "सर, स्टेशन वॅगन. आता अशा निघत नाहीत." जिमवाली पोरं आली की, "भावा, क्रॉसओव्हर! खड्डा कुठं गेला कळायचं बी नाय." गाडी तीच, कोपरा तोच, घसा तेवढा वेगळा. तरी मेली विकायची नाय.

शेवटच्या आठवड्यात करमाडकडचा एक गडी आला. शेंद्र्याला कंपनीत कामाला, घरी मेंढरं, ती आई बघते. त्याला उंच गाडी पाहिजे होती. कशाला, तर म्हणे, "गावात शिरलो की लोकांनी मान वर करून बघाया पाहिजे." मी लगेच क्रॉसओव्हरचा घसा लावला. गडी लई खूश. "रविवारी मायला आणतो," म्हणला. "ती व्हय म्हणली की घेतली."

शनिवारी त्याच्याच नंबरवरून फोन आला. आवाज बाईचा. "लेकरा, मी त्याची माय बोलतीय. माझे गुडघे गेलेत. जीपात चढवत नाय. ही गाडी उंच तर नाय ना?"

मी विचार काय केला? काहीच नाय. तोंड आपोआप सुटलं, "छे ओ माय! कारच हाय ती. मागून जरा लांब, बस."

"मग झ्याक," म्हातारी म्हणली.

रविवारी दोघं रिक्षातून उतरले. पोरानं गाडीकडं हात केला. "हे बघ. जीपच म्हण."

"जीप? मला तर कार म्हणला त्यो."

"कोण त्यो?"

म्हातारीनं माझ्याकडं बोट केलं. पोरानं बोट कुणीकडं जातंय ते बघितलं आणि त्याचं तोंडच उघडं राहिलं. "आरं, मला तर ह्यानंच क्रॉसओव्हर सांगितलं!"

शेठ केबिनातून पळत आले. "माँजी, दोनों है! दोनों!"

"दोन्ही कसं आसंल?" म्हातारी म्हणली. "काही मेंढरं लांबून शेरडासारखीच दिसत्यात. तवा शेपूट बघायचं. शेरडाचं वर, मेंढराचं खाली. हिचं शेपूट दाव."

मी मागचं दार उघडलं. ते वर गेलं.

"शेरडू हाय," ती म्हणली.

मी दार लावलं. ते खाली आलं.

"आता मेंढरू झालं. आरं, काय सोंग आणलंय हे!"

पोरगं हसलं, शेठ हसले. मला काय हसू येईना. माझे तीनच दिवस राहिले होते.

मग ती मागच्या सीटवर बसायला गेली. एक पाय आत, एक पाय अधांतरी, आणि "आगं आय आय आय!" गुडघा चोळत मागं सरली. "चार बोटं जास्त हाय," म्हणली. चार बोटं! टेप लावल्यासारखं.

गप बसलो तर गिऱ्हाईक जाणार, बोललो तर शेठ हाकलणार. शेठ तिच्या पाठीमागून डोळ्यांनी नक्को, नक्को करत होते. मी बोललो. "माय, ती चार बोटं गाडीची नायत. आत रबर घातलंय. काढलं की खाली येती."

"मग काढ की."

"काढू नको!" पोरगं वरडलं. "रबर काढल्यावर राहिलं काय? कारच ना? कार तर आमच्या सुपरवायझरकडं बी हाय." आणि ते तरातरा गेटकडं निघालं, रिक्षा बघायला.

शेठ माझ्या कानात म्हणले, "वैजापूर की बस कित्ते बजे है रे?"

म्हातारीनं मात्र गाडीला सावकाश एक फेरी मारली. "आरं ए, थांब. तू कुठं बसणार?"

"पुढं. चालवायला."

"आन मी?"

"मागं."

"मग भांडतोस कशाला? मागची रबरं काढा म्हणावं. पुढची राहू द्या ह्याला."

मग शेजारच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं जॅक लावला, अर्ध्या तासात मागची दोन रबरं बाहेर. गाडी ढुंगणावर बसली, नाक वर. टक्कर द्यायला आलेल्या एडक्यासारखी दिसायला लागली. म्हातारी मागं जाऊन बसली. उतरली. परत बसली. आय नाय की गं नाय.

पोरगं समोर जाऊन उभं राहिलं. समोरून खरंच उंच दिसत होती. "मागून कोण बघतंय, भावा?" मी म्हणलं.

"मेंढरं," तो म्हणला आणि त्यानं चावी मागितली.

दोघं गेले. नाक वर करून ती गाडी करमाडच्या दिशेनं ट्रकांच्या मधी दिसेनाशी झाली, तरी शेठ कमरेवर हात ठेवून उभेच. "इसको अब क्या बोलते रे? वॅगन, के क्रॉसओव्हर?"

"विकलेली म्हणतात, शेठ."

शेठ हसले नाय. केबिनकडं वळले, दारात थांबले. "कल नौ बजे आ," म्हणले. "और एक घर में एकीच बात बोलते जा."