रंभाबाईच्या बांधीतले बुडबुडे

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून रंभाबाईची धानाची बांधी आहे. रोवणी झाली की ती दुपारची कडेच्या मातीच्या धुऱ्यावर बसून राहायची. साचलेल्या पाण्यात, धानाच्या चुडांच्या बुडाशी, चिखलातून बुडबुडे वर यायचे आणि अलगद फुटायचे. ती लग्न होऊन आली तेव्हा नवरा, खुशाल, म्हणाला होता की जमीन झोपेत बोलते. खुशाल गेला, तरी तिचं बसणं सुटलं नाही.

मागच्या खरिपात गावचीच संघप्रिया संशोधनासाठी तिच्या बांधीत आली. ती नागपुरात शिकत होती. धानावर पारदर्शक पेटी उलटी ठेवून ती आत जमलेली हवा सिरिंजने काढून घ्यायची. चिखल हलू नये म्हणून टाकलेल्या फळीवर रंभाबाईही जाऊन बसली.

"हे कोन सोडून राह्यलं?" तिने बुडबुड्यांकडे पाहत विचारलं.

संघप्रियाने सांगितलं, की जिथे हवा पोचत नाही त्या चिखलात आर्किया नावाचे जीव राहतात. डोळ्यांना न दिसणारे, पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नव्हता तेव्हापासूनचे. धानाचं तणस, मुळं कुजून जे उरतं त्यापासून ते मिथेन वायू बनवतात. तो आभाळात जातो, काही वर्षांनी त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि कुठलं तरी पान तो पुन्हा ओढून घेतं.

"पण तोवर तो आभाळ तापवते, बाई. मधी मधी पाणी काढून बांधी सुकू देली, तं वायू कमी होते."

रंभाबाईला पटलं, पण तिच्या जिवावर आलं. शेवटी एका सकाळी तिनेच फावड्याने धुरा फोडला. पाणी हळूहळू नाल्याकडे निघून गेलं. चार-सहा दिवसांत चिखलाला बारीक भेगा पडल्या. बांधी गप्प झाली, तशी ती कासावीस झाली.

"मेले का ते?"

"नाई बाई. थांबून राह्यले."

त्या दुपारी मोहाच्या झाडाच्या सावलीत तिचा डोळा लागला. स्वप्नात ती चिखलाच्या खाली उतरली होती. तिथे वारा नव्हता, ऊब होती, आणि असंख्य बारीक जीव निवांत बसले होते. त्यांच्यात खुशालही होता, तरुण.  तिला काही विचारावंसं वाटलं नाही. जाग आली तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं.

धान चांगलं भरलं. यंदा फुटवे फुटताना तिने पुन्हा बांधी सुकवली. सांगायला कोणी आलं नव्हतं.