बिरादार सरांचे समुद्रसाप

ऐन दिवाळीत घरातलं माणूस बाहेरगावाहून परत येतं. आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे बिरादार सर मात्र तेव्हाच देगलूर सोडून कोकणची गाडी धरत, तीही कपड्यांच्या पिशवीबरोबर प्लास्टिकचा टब घेऊन. मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे समुद्रसाप बघायला. वहिनी बिचाऱ्या एकट्याच फराळ करत.

स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. "सर, समुद्राकाठी जन्माला यायचं होतं," मी एकदा चिडवलं.

"आलो असतो तर इतकी मोठी चूक झाली नसती, मॅडम," ते म्हणाले.

चूक त्यांच्या प्रबंधात होती. जाळ्यातून निघालेला साप वळवळत असला की मच्छीमार शेपटीला धरून त्याला पाण्यात फेकत, आणि सर तो 'वाचला' असं लिहीत. "आपल्याकडं विहिरीत पडलेला साप बुडत न्हाई, तरंगून राहतो. ह्यो तर समुद्राचाच. बुडंल कसा, वाटलं." पण समुद्रसापालाही श्वासासाठी वर यावं लागतं, आणि ओढलं जाणारं जाळं त्याला तासन्‌तास वर येऊ देत नाही; जाळ्यातून निघेपर्यंत तो गुदमरून अर्धमेला झालेला असतो. पुढे एका वर्षी सरांनी असेच वळवळणारे साप समुद्राच्या पाण्यात टबात ठेवले. दुसऱ्या दिवशी बहुतेक मेलेले होते. सर त्या सुट्टीत लवकर परतले.

सोडलेला साप खरंच जगतो का, जाळं किती वेळ ओढलं तर तो मरतो, हे आधी शोधायला हवं, असा त्यांनी धोशा लावला. टबातल्या चारदोन सापांवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून निधी देणाऱ्या संस्थांकडे मोठ्या अभ्यासाचे प्रस्ताव पाठवले. विषावर काम करा, लगेच मंजूर होईल, असा सल्ला मिळे. सर वैतागत. "विष काढायला आधी साप तर राहाया पायजे."

मग त्यांच्या किडन्या गेल्या. नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या प्रस्तावाचं उत्तर मीच त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं. नामंजूर. जाळ्यातले साप सोडल्यावर जगतात हे पूर्वीच सिद्ध झालं आहे, असं कारण होतं. खाली आधार म्हणून सरांचाच प्रबंध.

"त्यास्नी लिहा," सर हळूच म्हणाले, "बिरादार चुकला व्हता."

मी त्याच दिवशी लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला. पुरावा जोडा, असं त्यात होतं. पुरावा गोळा करणाऱ्या माणसाला आम्ही आदल्याच आठवड्यात माती देऊन आलो होतो.