मालतीच्या बापाचं राहिलेलं प्रकरण

“हल्लू वाचा, मियाँ. पळू नका.” असं म्हणून तो कागदांचा गठ्ठा माझ्या हातात द्यायचा आणि खुर्ची ओढून बरोबर समोर बसायचा. मी त्याची कादंबरी वाचायचो, तो माझा चेहरा वाचायचा. भुवई जरा हलली की लगेच, “कुठं आलात? बाप फोन घेतो तिथं?” चहानं जीभ पोळली म्हणून मी तोंड वाकडं केलं तरी त्याला वाटायचं, परिणाम झाला.

असा एखादा लेखक तुम्हीही सोसला असेल. नसेल तर नशीबवान आहात.

आम्ही हैदराबादेत एकाच सरकारी खात्यात होतो. तो माझा वरिष्ठ, राहायला काचीगुड्याला, मी मलकपेठेत. ऑफिसात मराठी वाचणारे आम्ही दोघंच, त्यामुळे पहिला वाचक होण्याचा मान माझ्याकडे चालत आला. मान कसला, शिक्षाच ती. खरं सांगतो, मला हा माणूस कधी आवडला नाही. फायलीवर सही करायला भिणारा, पुढाऱ्यासमोर वाकणारा आणि शिपायावर ओरडणारा गृहस्थ घरी जाऊन मानवी मनाचे कंगोरे लिहीत असे.

कादंबरी तशी साधी. मालती नावाच्या मुलीचं परजातीतल्या मुलावर मन बसलेलं. घरात फोन नाही, म्हणून मुलगा शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप ठेवतो. तो निरोप मालतीच्या बापाच्या कानावर पडतो आणि बाप तो मुलीला सांगतच नाही. शेवटच्या प्रकरणात त्यानं मुलीपुढं बसून कबूल करायचं आणि माफी मागायची. तेवढं एक प्रकरण राहिलं होतं.

राहिलं ते राहिलंच. कारण याला कादंबरी ‘आजची’ हवी होती, आणि आज काही केल्या थांबेना. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले, तेव्हा यानं शेजाऱ्यांचा फोन काढून बूथ घातला आणि सगळं पहिल्यापासून लिहिलं. पुन्हा कोठीच्या बाजारात जाऊन झेरॉक्स, पुन्हा वाचायला मी. मग मुलाला पेजर दिला. पेजर कुणाला नीट कळायच्या आत गेला. मग मोबाइल आला आणि मोठीच पंचाईत झाली. मुलगा थेट मालतीलाच फोन करणार, मधे बापाला कामच उरेना.

“बाप मोबाइल बंद करून ठेवतो,” तो विजयी मुद्रेनं म्हणाला.

“आणि पोरगी चालू करत नाही?”

“बॅटरी जाते.”

“सलग चार प्रकरणं?”

तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तो महिना फार सुखात गेला.

त्याच्या घरातली गोष्ट सगळ्या ऑफिसला माहीत होती. एकुलती मुलगी शुभा, कॉम्प्युटर शिकली आणि बरोबरच्या तेलुगू मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. या गृहस्थानं आधी आकांडतांडव केलं. मग लग्नाला गेला, अक्षता टाकल्या आणि पानावर न बसता निघून आला. माधापूरला खडक फोडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तिकडं तिनं घर केलं. त्या घराची पायरी हा कधी चढला नाही. दिवाळीला ती यायची, तेव्हा तिच्याशी बसच्या गर्दीबद्दल बोलायचा. आमच्यापुढं मात्र म्हणायचा, “कादंबरी होऊ द्या. पहिली प्रत शुभाला. वाचली की समजेल तिला.”

म्हणजे ती माफी होती. तोंडानं मागायची हिंमत नाही, म्हणून मालतीच्या बापाकडून मागवायची, आणि तोही बाप वर्षानुवर्षं फोनच बदलत बसलेला. मला संताप यायचा.

“अर्धी का होईना, देऊन टाका तिला,” मी एकदा स्पष्टच म्हणालो. “नाहीतर बसमध्ये बसा आणि जा.”

“कच्चं कसं देऊ, मियाँ?”

“मला देता ते?”

“तुम्ही परके. परक्याला कच्चं चालतं. मुलीला नक्को.”

भेकड, मी मनात म्हणालो. आजही तेच म्हणतो.

आणि एक दिवस, हातात रंगीत पडद्याच्या मोबाइलची जाहिरात घेऊन कादंबरीत पुन्हा काय काय बदलावं लागेल हे मला सांगून गेला, त्याच आठवड्यात तो झोपेत गेला.

तेरावा झाल्यावर शेवटची झेरॉक्स घेऊन मी माधापूरला गेलो. शुभानं गठ्ठा मांडीवर घेतला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

“काका, मला हे वाचता येत नाही,” ती म्हणाली. “बोलते मी मराठी. वाचायला कधी शिकलेच नाही. बाबांनीच कॉन्व्हेंटमध्ये घातलं. म्हणाले, मराठी काय, घरात आहेच.”

इतकी वर्षं हा माणूस एकेक वाक्य घासत होता ते हिच्यासाठी. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नसेल? की आली होती म्हणूनच तो निवांत घासत बसला होता? मेलेल्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

“तुम्ही वाचता का?” तिनं विचारलं.

मी वाचलं. बॅटरीपाशी ती हसली. बाप मोबाइल बंद करून उशीखाली ठेवतो तिथं तिनं माझ्याकडं बघायचं सोडून खिडकीकडं तोंड केलं. मी वाचत राहिलो आणि माझ्याच आवाजात तो माणूस बोलायला लागला: तीच लांबण, तोच नाटकीपणा, आणि मालतीला जेवायला हाक मारताना बापाचा घसा दाटतो ते एक वाक्य, जे मी दर वेळी डोळ्यांनी ओलांडून गेलो होतो.

कागद संपले.

“पुढं?” ती म्हणाली.

“पुढं लिहिलं नाही.”

“तुम्हाला सांगितलं असेल ना, काका? बाप काय म्हणतो तिला?”

“नाही गं.”

तिनं कागद नीट जुळवले, पहिलं पान वर आणलं आणि गठ्ठा परत माझ्या हातात दिला.

“मग परत वाचा,” ती म्हणाली.

ते पहिलं प्रकरण पुन्हा वाचण्यापेक्षा मी एरवी ऑफिसची रद्दी वाचली असती. त्या दिवशी वाचलं.