दुसरी शिंक फुकट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची आधीच माफी मागतो. मराठी तिसरीत शाळा सुटली आणि मी कल्याणच्या बाजारात विठूशेठच्या तपकिरीच्या दुकानात लागलो. त्यामुळे शब्दही साधेच आहेत. तपकिरीच्या दुकानात फळी कितीही पुसा, संध्याकाळी बोटाला पूड लागतेच. किस्सेही तसेच साचत गेले. थोडे झटकतो.

आमच्याकडे गिऱ्हाईक डोळे मिटून चिमूट ओढायचं, आणि शिंक आली की माल पसंत! पण बाहेर गल्लीत तीच शिंक म्हणजे अपशकुन. कामाला निघालेली माणसं आमची शिंक ऐकून अर्ध्यातून घरी परतायची आणि जाताना आम्हाला शिव्या घालायची.

एकदा एक वकील कोर्टात निघाले होते. आतून शिंक आली. वकील तसेच पायऱ्या चढून आत आले आणि ओरडले, "दुसरी द्या! लगेच द्या!"

कारण एकीवर लागलीच दुसरी शिंक आली की पहिलीचा दोष जातो. शेठनी त्यांच्याच नाकाशी डबी धरली. वकील कडाडून शिंकले, उपरण्यानं नाक पुसलं आणि खुशीत कोर्टात गेले. खटलाही जिंकले!

त्या दिवसापासून शेठ पायरीवर उभे राहून पुकारायचे, "दुसरी शिंक फुकट!"

या कामात माझा उपयोग शून्य. पूड चाळून चाळून माझं नाक मेलेलं. मला शिंक येतच नाही.

*

मग मुंबईकडून तो ताप आला. साहेब लोक त्याला इन्फ्लुएंझा म्हणायचे. आमच्या तोंडात ते बसेना, आम्ही नवा ताप म्हणायचो.

गुंडोपंत आमचे रोजचे गिऱ्हाईक, कचेरीतून पेन्शनीत निघालेले. त्यांनी फळीवरची डबी उचलली, चिमूट ओढली आणि शिंकांची माळच लावली. "शेठ, काय माल आहे हो!" म्हणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाल गुंडाळून, लाल डोळ्यांनी हजर. "रात्रभर शिंकतोय! तोच माल बांधा."

शेठनी डबी उलटी करून दाखवली. "पंत, ही मी काल धुऊन वाळत ठेवली होती. तुम्ही रिकामी डबी ओढलीत."

पंत कुडकुडत म्हणाले, "मग रिकामीच द्या!"

*

बाजारातले डॉक्टरही आमच्याकडे टेकायचे. इंग्रजी वाचलेले, समजावून सांगायची भारी हौस. ते म्हणाले, "डोळ्याला न दिसणारा काहीतरी जंतू नाकातून आत शिरत असणार. शिंक म्हणजे शरीर त्याला धक्के मारून बाहेर काढतं. शेंबूड म्हणजे चिखल, शत्रूचे पाय रुतावेत म्हणून. आणि ताप म्हणजे त्याला भाजून काढायला पेटवलेली भट्टी."

शेठ तेव्हा तापानं फणफणत होते. म्हणाले, "लढाई माझ्या अंगात, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही?"

डॉक्टर पुढे म्हणाले, "एकदा लढलं की शरीर चोराचा चेहरा लक्षात ठेवतं. पुन्हा आला तर दारातच धरतं. देवीचा रोग एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, तसंच."

"मग पडसं दरवर्षी कसं येतं?" पंतांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक दरवर्षी वेगळा फेटा बांधून येत असेल."

*

यातलं चोराच्या चेहऱ्याचं तेवढं पंतांनी ध्यानात ठेवलं, फेट्याचं विसरले. ताप उतरल्यावर ते गावभर सांगत सुटले, "मी आता शिंकणार नाही. माझं शरीर चोराला ओळखतं!"

लोकांना पटलं. शुभकामाला निघताना पंतांना घरी बोलवायची टूमच निघाली. पंत उंबऱ्यापाशी बसायचे, शिरा खायचे आणि शिंकायचे नाहीत.

इथे माझी गोष्ट सुरू होते. माजिवड्याचे हरबाजी एकदा आपल्या मुलीला घेऊन दुकानात आले होते. आईच्या दुखण्यात तिचं लग्न मागं पडलेलं, त्यामुळे वयानं माझ्याएवढीच. शेठनी "दुसरी शिंक फुकट" पुकारलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली. मी तराजू उलटा धरून उभा होतो. मला कोणी नाही, म्हणून शेठनीच पुढे बोलणं केलं. हरबाजींना मी पसंत पडलो. आता ते येऊन सुपारी फोडणार होते.

पहिल्या खेपेला त्यांची गाडी गावाबाहेर पडली आणि बैल शिंकला. हरबाजी परत फिरले. "बैलाची शिंक कुठे धरतात?" शेठ म्हणाले. हरबाजींचा निरोप आला, "तो माझे घरचाच हाय!"

दुसऱ्या खेपेला शेठनी पंतांनाच माजिवड्याला पाठवलं. पंत उंबऱ्यापाशी बसले, शिरा खाल्ला, हरबाजींनी पाऊल उचललं, आणि पंत असे शिंकले की फडताळातली भांडी वाजली.

वेगळा फेटा!

हरबाजी म्हणाले, "आता येकदाच येईन. पुन्हा शिंक झाली तर पोर आंबिवलीला देईन. तिकडूनही विचारणं हाय."

*

तिसऱ्या खेपेच्या दिवशी आम्ही सगळ्या डब्या ओल्या फडक्यांत बांधून वर ठेवल्या. शेठ, पंत, डॉक्टर नाकाला उपरणी बांधून बसले. हरबाजी आले. मुलीला पुढे मावशीकडे सोडायचं होतं, म्हणून ती पायरीपाशी गाडीतच बसली. पाटावर सुपारी ठेवली. हरबाजींनी बत्ता उचलला.

आणि हरबाजीच शिंकले!

"झालं," ते म्हणाले. "आंबिवली."

"थांबा! दुसरी!" शेठ ओरडले. सगळे डब्यांवर तुटून पडले. शेठनी ओढली, पंतांनी ओढली, डॉक्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत कोंबली. काही नाही! सगळे तापातून उठलेले, सगळ्यांची नाकं गच्च.

"आत अजून सूज आहे," डॉक्टर गेंगाण्या आवाजात म्हणाले. "लढाई संपली तरी मैदान साफ व्हायला वेळ लागतो."

मीही मूठभर ओढली. शिंक आली नाही, डोळ्यांना पाणी तेवढं आलं. सगळ्यांना वाटलं, तपकिरीनंच.

हरबाजींनी बत्ता खाली ठेवला आणि जोडे पायात घातले. तेवढ्यात बाहेर गाडीच्या पडद्यामागून आवाज आला.

"आक्-छी!"

हरबाजी थांबले. जोडे काढले, मागे आले आणि एका घावात सुपारी फोडली.

गाडी गेल्यावर डॉक्टर दाराकडे बघत म्हणाले, "ही शिंक तापाची नाही. पडशाचीही नाही."

"मग कशाची?" पंतांनी विचारलं.

डॉक्टरांनी बॅग उचलली आणि दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्यानंच दुकान उघडलं. फळी पुसली, डब्या जागेवर लावल्या. एकही कमी नव्हती, म्हणजे गाडीत तपकीर गेलीच नव्हती. मग मी दार लोटून घेतलं आणि नुसत्या तोंडानंच शिंक काढून पाहिली.

गल्लीतून चाललेला एक माणूस थबकला आणि परत फिरला. मी धावत पायरीवर गेलो आणि त्याला दुसरीही दिली.